आईची उंची

ऑरेस्ट दुबिकचा एक नियम होता आणि त्या नियमावर तो बत्तीस वर्षं पोट भरत आला होता: पोराला बघायच्या आधी त्याच्या आईला बघा. बर्फावरच्या हॉकीत सतरा वर्षांचं पोर आज कसं खेळतं ते कुणालाही दिसतं. पंचविसाव्या वर्षी, हत्तीएवढे गडी अंगावर चालून येत असताना ते काय करेल, हा खरा प्रश्न. त्याचं निम्मं उत्तर ऑरेस्टच्या मते रिंकच्या, म्हणजे त्या बर्फाच्या मैदानाच्या, लाकडी बाकांवर घोंगडी पांघरून कॉफी पीत बसलेलं असायचं. आई उंच असेल तर पोर आज बुटकं असलं तरी फिकीर नको, दोन हिवाळ्यांत त्याच्या विजारी आखूड व्हायला लागतात. आई ठेंगणी असेल तर देवाचं नाव घ्या आणि पुढच्या गावची वाट धरा. खाण तशी माती. बापांवर त्याचा भरवसा नव्हता. क्लबाचा माणूस दिसला की बाप छाती काढून दोन इंच खोटे दाखवतात, असं तो म्हणायचा.

मोठ्या क्लबासाठी पोरं हेरायचं त्याचं काम. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या माळावरचं प्रत्येक गाव, तिथली रिंक आणि त्या रिंकच्या कॅन्टीनमधल्या तळलेल्या बटाट्यांची चव त्याला तोंडपाठ होती. या धंद्यात नव्याने आलेली लॅपटॉपवाली पोरं त्याच्या नियमाला हसायची आणि मग हळूच बाकांकडे एक नजर टाकून घ्यायची. गेली चार वर्षं मात्र ती जरा जास्तच हसत होती, आणि त्याला कारण होतं.

क्लबच्या कचेरीत एक लांबलचक फळा होता. जूनमध्ये सगळे क्लब आळीपाळीने पोरं निवडतात, तेव्हा कुणाचं नाव घ्यायचं ते त्या फळ्यावर फेब्रुवारीपासून मांडून ठेवत. हेरणाऱ्या प्रत्येकाजवळ वर्षातून एकदाच वापरायची एक निळी टाचणी असे. ज्या नावावर निळी टाचणी बसली ते नाव फळ्यावरून कुणी काढायचं नाही, अगदी मुख्यानेसुद्धा. चार वर्षांपूर्वी ऑरेस्टने आपली टाचणी कोल्टन रीगर नावाच्या पोरावर लावली होती. आई पाच फूट अकरा. पोर नियमाप्रमाणे वाढलं, सहा फूट पाच झालं. पण मान वर करायला काही शिकलं नाही. चेंडूऐवजी असते ती रबरी चकती काठीपाशी आली की ते खाली बघायचं, आणि कुणीतरी येऊन त्याला कडेच्या फळीवर आदळायचं. आता कोल्टन बापाच्या शेतावर कापणीचं यंत्र चालवतो, आणि चांगलं चालवतो. ऑरेस्टची टाचणी तेव्हापासून खणात पडून होती. तो त्रेसष्ट वर्षांचा होता. हा त्याचा शेवटचा सीझन, असं तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, एवढंच.

नोव्हेंबरात त्याने हार्टवेल गावच्या ज्युनिअर संघात रेमी दुरोशे नावाचं पोर पाहिलं. सतरा वर्षांचं, पाच फूट सहा, हेल्मेट घातल्यावर जेमतेम बाकीच्यांच्या हनुवटीपर्यंत. हात सुरेख, डोळे त्याहून सुरेख. ऑरेस्टने रिवाजाप्रमाणे बाकांकडे पाहिलं. तिसऱ्या रांगेत एक चिमुकलं जोडपं बसलं होतं, जेवणाच्या टेबलावरच्या मीठ-मिऱ्याच्या बाटल्यांसारखं. दोघांच्या अंगात संघाची जाकिटं, पाठीवर ठळक अक्षरांत दुरोशे. मध्यंतरात तो कॅन्टीनच्या रांगेत मुद्दाम त्या बाईमागे उभा राहिला.

"तो एकोणीस नंबर तुमचा वाटतं?"

"माझाच. आणखी कुणाचा?" ती मान वर करून म्हणाली. ती मान बरीच वर करावी लागली. बाई चार फूट दहा.

ऑरेस्टने गाडीत बसून कार्डावर लिहिलं: 'हात चांगले. नजर फार चांगली. वाढणार नाही. आई पाहिली.' आणि पुढच्या गावची वाट धरली.

*

फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, तो पुन्हा हार्टवेलला आला तो पाहुण्या संघातल्या एका धिप्पाड पोराला बघायला. त्याचं नाव ब्रॅम कूल. सहा फूट तीन, आई पाच दहा, सगळं कसं नियमात बसणारं. ऑरेस्टने वही काढली, पेन काढलं आणि ब्रॅम कूलकडे बघायचं ठरवलं. पण नजर राहीना. पहिला भाग संपेतो वहीत ब्रॅमच्या नावाखाली तीन ओळी होत्या आणि रेमीच्या दोन पानं.

त्यात एक गोष्ट अशी होती की ती कशी लिहावी तेच त्याला कळेना. हार्टवेलचा एक पोरगा चकती घेऊन मोठ्या ऐटीत पुढे चालला होता. सगळे त्याच्या मागे पुढे धावत होते. रेमी एकटा मध्येच वळला आणि उलटा, स्वतःच्या गोलकडे निघाला. आता याला काय वेड लागलं, असं ऑरेस्टच्या मनात येतं न येतं तोच त्या ऐटबाज पोराच्या काठीवरून चकती सुटली, समोरच्यांनी ती उचलून लांब फेकली, आणि जिथे ती आली तिथे रेमी आधीच येऊन थांबलेला. हे एकदा झालं असतं तर नशीब म्हटलं असतं. त्या दुपारी हे चार वेळा झालं.

खेळ संपल्यावर तो कपड्यांच्या खोलीबाहेर उभा राहिला. पोरगा ओले केस टोपीत कोंबत बाहेर आला.

"ती चकती सुटणार हे तुला कसं कळलं रे?"

"कुठली?"

"चारही."

रेमी जरा गोंधळला. एवढं काय विचारायचं त्यात, असा चेहरा. "तो बर्फावरच्या निळ्या रेषेवर आला की लोकांकडे बघतो. बाकांवर त्याची मैत्रीण असते. तिथे त्याची सुटतेच."

"आणि बाकीच्या तीन?"

"काहीतरी असतंच प्रत्येकाचं," तो म्हणाला, आणि पिशवी खांद्यावर टाकून निघून गेला.

ऑरेस्टला हसू आलं, आणि मग वाईट वाटलं. असा डोळा त्याने बत्तीस वर्षांत तीनदा पाहिला असेल. आणि तो देवाने ठेवला कुठे, तर पाच फूट सहा इंचांत, जिथून पुढे एक इंच सरकायची आशा नाही. तो स्वतःशी चरफडत दाराकडे निघाला तेवढ्यात ती चिमुकली बाई समोर आली. तिने त्याला ओळखलं होतं.

"अहो, तुम्ही ते क्लबवाले ना? परत आलात, बरं झालं. रेमीबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा. मी आर्लिन फिंक."

"फिंक? म्हणजे दुरोशे..."

"दुरोशे तो. आम्ही फिंक. तो आमच्याकडे राहतो, दुसरा हिवाळा हा. त्याची आई बर्निस तिकडे वर गूज नॅरोजला असते, सात तास लांब. येणार कशी बिचारी, तिचं काम हिवाळ्यातच. दर महिन्याला बर्फात गुंडाळून मासे पाठवते मात्र. माझ्या नवऱ्याला, मर्व्हला, मासे सोसत नाहीत, पण सांगायचं कसं?"

ऑरेस्ट तिच्याकडे बघतच राहिला. या खेळात पोरं लांबलांबहून येतात आणि सीझनभर गावातल्या कुणाच्यातरी घरी राहतात, जेवतात, तिथूनच शाळेत जातात. ही सांभाळणारी घरं त्याला काय नवीन होती? अशा शंभर स्वयंपाकघरांत बसून त्याने केक खाल्ला होता. म्हणून तर जास्त तोंडात मारल्यासारखं झालं.

"पण तुम्ही मला म्हणालात, माझाच," तो म्हणाला.

"मग?" आर्लिनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "त्याला गोवर झाला तेव्हा रात्रंदिवस कोण बसलं? गणिताच्या बाईंशी कोण भांडलं? माझाच आहे तो. इथे असेपर्यंत माझाच."

ऑरेस्टने टोपी डोक्यावर दाबली आणि गाडी गाठली.

गाडीत बसून त्याने बायकोला फोन लावला. मार्लीन बत्तीस वर्षांत त्याच्या गावोगाव फिरण्याची सवय झालेली बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू चुकीची आई मोजलीस."

"हं."

"आणि आता?"

"गुरुवारी यादी पक्की होते. मधे तीन दिवस आहेत. वर जाऊन येतो म्हणतो."

"ऑरेस्ट, या वयात तू सात तास गाडी चालवून एका परक्या बाईची उंची बघायला जाणार? तिच्या नवऱ्याने विचारलं तर काय सांगशील?"

"नवऱ्याचं काही कळलं नाही."

"मग तर फारच छान," मार्लीन म्हणाली. "लोकरीचे मोजे घाल."

*

वाटेत प्रिन्स अल्बर्ट गावी मुक्काम करून तो सोमवारी सकाळी उत्तरेला निघाला. माळ संपला, झाडी लागली, आणि दुपारी गूज नॅरोज चाळीस किलोमीटरवर असताना वाऱ्याने रस्त्यावर आणून टाकलेल्या भुसभुशीत बर्फात त्याची गाडी शांतपणे, कसलाही आवाज न करता, कडेच्या चरात जाऊन बसली. ऑरेस्टने दोन शिव्या दिल्या, एक इंग्रजीत आणि एक आजीकडून आलेली युक्रेनी, आणि वाट बघत बसला.

अर्ध्या तासाने रस्ता साफ करणारा ग्रेडर आला. पिवळा, घरासारखा उंच, पुढे बर्फ लोटणारं पातं. तो थांबला आणि वरच्या खिडकीतून एक रुंद चेहरा बाहेर आला. जाड जाकिटातले रुंद खांदे, कानटोपी, लालबुंद गाल. बाई होती.

"कुठे निघाला होता म्हातारबा, उन्हाळ्याच्या टायरांवर?"

"हिवाळ्याचेच आहेत."

"कुठल्या गावच्या हिवाळ्याचे? साखळी मागे लटकतेय. तुम्हीच लावा, मला ब्रेकवरून पाय काढता येत नाही इथे."

ऑरेस्टने गुडघाभर बर्फात वाकून साखळी लावली. ग्रेडरने एक हिसका दिला आणि गाडी बाटलीतून बूच निघावं तशी वर आली. तो खिडकीखाली जाऊन उभा राहिला.

"उपकार झाले बाई. गूज नॅरोजमध्ये बर्निस दुरोशेचं घर कुठे?"

वरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "कशाला?"

"तिच्या मुलाच्या संदर्भात—"

"काय झालं त्याला?"

त्या तीन शब्दांत एवढी भीती होती की ऑरेस्टने घाईघाईने दोन्ही हात वर केले. "काही नाही, काही नाही. ठणठणीत आहे. कालच पाहिला. मी हॉकी क्लबाकडून आलोय."

बाईने डोळे मिटून एक श्वास सोडला. "असं आधी सांगावं माणसाने. मीच बर्निस. या माझ्या मागोमाग, आणि रस्ता मी केलाय तेवढ्यावरच राहा."

ऑरेस्ट मान वर करून तिच्याकडे बघत होता. खिडकीची चौकट तिने भरून टाकली होती. त्याच्या मनाने उभ्या जागी टेप लावली: बसल्या बसल्या एवढी, म्हणजे उभी राहिली की पाच नऊ. दहासुद्धा. पुढचे चाळीस किलोमीटर तो बैलगाडीच्या चालीने त्या पिवळ्या यंत्रामागून गेला आणि आयुष्यात इतक्या हळू इतका खूश होऊन तो कधी गेला नव्हता. मनातल्या मनात त्याने कार्डही लिहून टाकलं. 'वाढेल. आई पाच दहा.' त्याला गुरुवारची खोली दिसायला लागली. निळी टाचणी खणातून बाहेर येताना दिसली. गाडीत तो चक्क गुणगुणत होता.

गूज नॅरोजच्या सरकारी गॅरेजसमोर ग्रेडर थांबला. दार उघडलं. बर्निस पाठमोरी होऊन पायऱ्या उतरू लागली. एक पायरी, दुसरी, तिसरी. शेवटच्या पायरीवरून तिने उडी मारली, आणि ऑरेस्टसमोर येऊन उभी राहिली ती त्याच्या काखेपर्यंत आली.

मागे उघड्या दारातून ड्रायव्हरची सीट दिसत होती. सीटवर एकावर एक दोन जाडजूड उशा होत्या.

"काय झालं?" बर्निसने विचारलं. "तोंड असं का पडलं?"

"थंडी," ऑरेस्ट म्हणाला.

*

तिचं घर तळ्याच्या काठालाच होतं. तिने त्याला टेबलाशी बसवलं, समोर माशांचं गरम सूप आणि जाड भाकरीसारखा बॅनॉक ठेवला, वर लोणी. तो खाली मान घालून सूप ढवळत राहिला. नोव्हेंबरातलं कार्ड बरोबरच होतं. चुकीच्या बाईकडे बघून उत्तर मात्र खरं आलं होतं. परत गेलं की काही बदलायला नको, काही सांगायला नको. सुटलो म्हणावं, तर तसं वाटत नव्हतं.

"आता बोला," बर्निस समोर बसत म्हणाली. "क्लबातली माणसं इथे येत नाहीत. इथे मासे घेणारा येतो, पाद्री येतो, आणि निवडणूक आली की मत मागणारा एक पुढारी येतो. तुम्ही कशाला आलात?"

"घरची माणसं बघायची पद्धत असते. मुलगा कुठून आला, कसा वाढला..."

"फोन होता की."

ऑरेस्टने चमचा खाली ठेवला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि जी थोडीफार होती ती या बाईसमोर चालणार नाही हे कळत होतं. त्याने सगळं सांगितलं: नियम, बाकांवरचं जोडपं, कार्ड, आर्लिन, आणि शेवटी सकाळी निघाल्यापासून तो कशाची आशा करत होता तेही.

बर्निस आधी गंभीरपणे ऐकत होती. 'आर्लिन' शब्द आल्यावर तिचे खांदे हलायला लागले. 'पाच दहा' आल्यावर तिने टेबलावर डोकं ठेवलं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"दोन उशा," ती म्हणाली. "अहो, त्या नसल्या तर मला रस्ताच दिसत नाही. आणि आर्लिन माझ्याहून ठेंगणी, हो ना?"

"दोन इंचांनी."

"म्हणजे तुमची फेरी अगदीच फुकट नाही गेली."

"तुम्हाला राग नाही आला? ती म्हणाली, माझाच मुलगा."

"म्हणू दे. तिच्या हातचं तो रोज जेवतो. मला इथे घास उतरतो तो ती तिथे आहे म्हणून." बर्निसने डोळे पुसले. "तिच्या घरी मासे आवडतात ना?"

"फार," ऑरेस्ट म्हणाला. तेवढं खोटं त्याला जमलं.

"बापाचं विचारणार असाल तर रेमी दोन वर्षांचा असताना तो गेला पश्चिमेला, तो तिकडचाच झाला. माझ्याहून उंच होता. पण आर्लिन सोडली तर माझ्याहून सगळेच उंच आहेत."

खिडकीबाहेर तळं गोठून पसरलं होतं, पार क्षितिजापर्यंत. काठाजवळ बर्फ झाडून केलेल्या जागेत पाच-सहा पोरं खेळत होती. फळ्या नाहीत, जाळ्या नाहीत, गोलच्या जागी दोन बूट. ऑरेस्टची नजर सवयीने तिकडे गेली. एकाची चकती हुकली आणि ती गुळगुळीत बर्फावरून लांब, लांब, तळ्याच्या मध्याकडे घसरत निघाली. सगळी पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि त्यांच्यातलं सगळ्यात लहान पोर तिच्यामागे धावत सुटलं.

"चुकवली त्या लाल टोपीवाल्याने," ऑरेस्ट म्हणाला, "आणि आणायला हा का गेला?"

"तीच रीत आहे इथली. चूक कुणाचीही असो, आणायची सगळ्यात लहानाने. माझा रेमी नऊ वर्षं सगळ्यात लहान होता. चुलतभाऊ सगळे ताडमाड, आणि एकाचीही काठी धड नाही. वारा असला की चकती पार त्या बेटापर्यंत जायची. दिवसभर धावून रडत घरी यायचा. मग एक दिवस रडायचा थांबला. मी विचारलं तर म्हणाला, आई, आता मी आधीच जाऊन थांबतो. कुणाची कधी सुटणार ते मला कळतं."

ऑरेस्टच्या हातातला बॅनॉक तसाच राहिला. ज्या दोन पानांत त्याने काहीबाही लिहून ठेवलं होतं, त्यांचा अर्थ त्या काचेपलीकडे धावत होता. हे कुणी शिकवून येत नाही. लॅपटॉपात सापडत नाही. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या चुकांमागे धावल्यावर येतं, आणि उंच पोराला ते कधी येणारच नाही, कारण उंच पोराला कुणी धावायला पाठवत नाही. कोल्टन रीगरला कुणी कधी पाठवलं नव्हतं.

बर्निस त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं.

"खरं सांगा म्हातारबा. त्या दांडग्यांत तो टिकेल का? नाही म्हणायचं असेल तर इथेच म्हणा. मी सांगेन त्याला, माझं ऐकतो तो. इथे मासे आहेत, रस्ते आहेत, मी निवृत्त झाले की हा ग्रेडर आहे. वाईट आयुष्य नाही हे. पण अर्धवट हो म्हणू नका. अर्धवट हो म्हटलेली पोरं मी पाहिलीत या गावात. बोलावणं येईल म्हणून तिशीपर्यंत पिशवी भरून दाराशी ठेवतात."

"माझा नियम नाही म्हणतो," ऑरेस्ट म्हणाला.

"तुमचा नियम मी ऐकला. तुम्ही काय म्हणता?"

त्याने चमचा पुन्हा उचलला आणि सूप ढवळायला लागला. बर्निस उठली, त्याच्या वाटीतलं गार सूप बदलून गरम वाढलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मला एक कळत नाही. आई ठेंगणी, पोर ठेंगणं, हे तुमच्या कागदावर नोव्हेंबरातच लिहिलेलं होतं. पोर नको होतं तर विषय संपला होता. नको असलेल्या पोरासाठी कुणी सात तास गाडी चालवतं का?"

बाहेर ते लहान पोर चकती घेऊन परत आलं होतं. खेळ पुन्हा सुरू झाला. मघाशी सुटल्यासारखं का वाटलं नाही, हे ऑरेस्टला आता नीट कळलं. आपण उंची बघायला आलोच नव्हतो. हो म्हणायला एक कारण हवं होतं, आणि स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची लाज वाटत होती, म्हणून एका बाईच्या डोक्यावर ते कारण शोधायला आलो होतो.

"टिकेल," तो म्हणाला. "मार खाईल. पहिली दोन वर्षं लोक हसतील. पण टिकेल."

"अर्धवट नाही ना?"

"नाही बाई. पुरतं."

बर्निसने मान हलवली आणि वाटी त्याच्याकडे सरकवली. "मग खा आता. आल्यापासून नुसतं ढवळताय."

*

गुरुवारी सकाळी क्लबच्या कचेरीत सगळे फळ्यासमोर जमले. मुख्य माणूस डेव्हिन प्रॅट, पस्तिशीचा, हुशार आणि मनाने चांगला. त्याने नावं एकेक करून पुढे-मागे सरकवली. रेमी दुरोशेच्या नावाची पट्टी फळ्याच्या अगदी तळाशी, कोपऱ्यात होती. डेव्हिनने ती काढायला हात लावला.

"राहू दे," ऑरेस्ट म्हणाला. तो उठला, खिशातून निळी टाचणी काढली आणि पट्टीवर दाबली. चार वर्षांत तिला जरा गंज चढला होता, पण बसली.

खोलीत कुणीतरी घसा खाकरला.

"ऑरेस्ट," डेव्हिन सांभाळून म्हणाला, "टाचणी तुमची आहे, मी काढणार नाही. पण तुमच्याच कार्डावर लिहिलंय, वाढणार नाही, आई पाहिली."

"चुकीची आई पाहिली होती. खरी आत्ता पाहून आलो."

सगळ्यांनी माना वर केल्या. लॅपटॉप बंद झाले. "आणि? किती?"

"माझ्या काखेपर्यंत येते."

कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले, आणि ऑरेस्टही हसला. हसणं ओसरल्यावर डेव्हिनने विचारलं, "मग कारणाच्या रकान्यात लिहू काय मी? काहीतरी लिहावं लागेल."

"आण इकडे."

ऑरेस्टने कार्ड घेतलं, चष्मा लावला आणि नोव्हेंबरातल्या शेवटच्या दोन वाक्यांवर रेघ मारली. खाली गिचमिड अक्षरांत नवीन लिहिलं आणि कार्ड परत दिलं. डेव्हिनने ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर आवाज हळू केला.

'वाढला तर उत्तम, नाही वाढला तरी हवा. चकती सुटायच्या आधी पोचतो. आई भेटली.'

डेव्हिनने रेमीची पट्टी तळाच्या कोपऱ्यातून उचलली, फळ्यासमोर थोडा वेळ उभा राहिला आणि हात पोचेल तितकी वर नेऊन लावली.